‘यात मुली कुठे आहेत?’ म्हणून मिटलेलं पुस्तक

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीहून लिहिते आहे. माझा मुलगा अकरावीत आहे आणि लेक सातवीत, बारा वर्षांची. दोघांनाही वाचायची गोडी लागली ती माझ्या भावामुळे. दर सुट्टीत मामाकडून पुस्तकं येतात. या वेळी त्यानं लेकीला स्वतःची जुनी प्रत दिली, उर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. त्याच्या कॉलेजच्या दिवसांतलं हे सगळ्यात लाडकं पुस्तक. तीन वर्षांपूर्वी हीच प्रत त्यानं मुलाला वाचायला दिली होती, तेव्हा मुलानं दोन रात्रींत फडशा पाडला. लेकीनं दहापैकी सात प्रकरणं वाचली आणि पुस्तक मिटून ठेवलं. म्हणाली, “यात मुली कुठे आहेत? एक मावशी आहे ती अडाणी चेटकीण, आणि एक सुंदर बाई आहे ती फसवणारी. मला नाही वाचायचं.” मामाच्या मनाला ते फार लागलं. फोनवर म्हणाला, “अगं, शेवट तरी वाच, मग बोल.” त्यावर ती हट्टालाच पेटली. दोन आठवडे झाले, दोघांचं नीट बोलणं नाही.

माझं इंग्रजी बेताचं. तरी डिक्शनरी जवळ घेऊन अर्धं पुस्तक वाचलं. मला ते संथ वाटलं, नुसती बेटं आणि समुद्र. एक लहान मूल दगावतं तिथं मात्र रडले. मुलांच्या पुस्तकात असं असावं का, तेही कळेना. हे पुस्तक खरंच एवढं मोठं आहे का? लेकीचं म्हणणं बरोबर आहे का? आणि तिला ते पूर्ण वाचायला लावू का?

— एक आई

प्रिय ताई,

तुमच्या लेकीला आधी माझी शाबासकी सांगा. जो दोष तिनं सात प्रकरणांत पकडला, तो मला पहिल्या वाचनात दिसलाही नव्हता. आणि लेखिकेला तो आपल्याच लेखणीनं दुरुस्त करायला बावीस वर्षं लागली. तेव्हा लेकीचं म्हणणं बरोबर आहे का, याचं उत्तर ‘हो’ असं आहे. तिच्या मामालाही हे मोकळेपणानं मान्य करायला सांगा. त्यानं त्याच्या लाडक्या पुस्तकाची किंमत कमी होणार नाही.

हे पुस्तक १९६८ सालचं. ले ग्विन तेव्हा चाळिशीला टेकल्या होत्या आणि मोठ्यांसाठी विज्ञानकथा लिहीत होत्या. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेनं त्यांना जरा मोठ्या मुलांसाठी एक कादंबरी लिहून द्याल का, असं विचारलं. त्यांच्या मनात आलं की गोष्टींतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारे असतात. पण ते कधीतरी मुलगे असतीलच ना? तेव्हा ते कसे होते, आणि ही विद्या शिकले कुठे? या एका प्रश्नातून सगळं जग उभं राहिलं. पण प्रश्न पाहा, ‘मुलगे’ असतील ना! जादूगार म्हटल्यावर डोळ्यांसमोर म्हातारा पुरुष आला, आणि त्याचं लहानपण शोधायला गेल्यावर मुलगा सापडला. बाईनं लिहायला घेतलं तरी साच्यात घडलेलं होतं तेच हाताला लागलं. रोक बेटावरच्या जादूविद्येच्या शाळेत एकही मुलगी नाही. नायकाच्या गाँट बेटावर बायकांच्या जादूला ‘दुबळी’ आणि ‘दुष्ट’ ही दोनच विशेषणं लावणारी म्हण आहे, आणि कथा सांगणारा आवाज तिला कुठंही हरकत घेत नाही. ती म्हण पात्राच्या तोंडी असती तर गोष्ट वेगळी होती. इथं ती सगळ्या जगाचा नियम होऊन बसते.

तुमच्या लेकीनं मावशी म्हटलं, ती नायकाच्या मेलेल्या आईची बहीण. या आईवेगळ्या मुलाला पहिली विद्या तीच देते. शेळ्यांना बोलावायचा मंत्र, ससाण्यांना आकाशातून खाली उतरवायची त्यांची खरी नावं, हे सगळं तिचं देणं. पुढं गावावर कारगाद देशाचे लुटारू चालून येतात आणि बारा वर्षांचा हा मुलगा धुकं विणून त्यात अख्खं गाव लपवतो. त्या पराक्रमाची मुळाक्षरं मावशीच्याच झोपडीत गिरवलेली होती. पण लेखिका तिच्याकडे वळून पाहत नाही. तिच्या घरातली घाण, तिचं अर्धंकच्चं ज्ञान, तिचा थोडासा लोभ एवढं सांगून कथा पुढं निघून जाते. मला वाईट वाटतं ते याचं. जिनं पहिलं अक्षर दिलं तिचं नावसुद्धा या पुस्तकात नाही, आणि पुस्तकाचा सगळा डोलारा उभा आहे तो नावांवर.

या नावांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण पुस्तकाचं खरं बळ तिथं आहे.

अर्थसीच्या जगात प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरं नाव असतं. ते कळलं की त्या वस्तूवर सत्ता चालते. म्हणून माणसं आपलं खरं नाव कुणाला सांगत नाहीत, रोजच्या वापराला दुसरं नाव ठेवतात. नायकाला आईनं ठेवलेलं नाव डूनी. लोक त्याला स्पॅरोहॉक म्हणतात, म्हणजे आपल्याकडच्या शिक्र्याच्या भाऊबंदांतला पक्षी. तेरा वर्षांचा झाल्यावर तो थंडगार ओढ्यातून चालत पैलतीराला येतो आणि तिथं उभे असलेले गुरू ओगिऑन त्याचा दंड धरून कानात हळूच खरं नाव सांगतात : गेड. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या घरचं बारसं आठवलं. पाळण्याशी वाकून आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, मग ते चारचौघांत म्हटलं जातं. पत्रिकेतलं नावरस नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं, हेही आपल्याला नवं नाही. माझ्या आजीनं आजोबांचं नाव उखाण्याखेरीज कधी तोंडातून काढलं नाही. नावात काही तरी आहे, ते सांभाळून वापरायचं असतं, ही जाणीव आपल्या घरात कुठंतरी मुरलेली आहे. म्हणून अमेरिकेत लिहिलेल्या या कादंबरीतला सगळ्यात अवघड विचार आपल्या मुलांना फारसं न समजावता कळतो.

ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ होते. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या आदिवासी लोकांपैकी मागे उरलेला शेवटचा माणूस १९११ मध्ये रानातून बाहेर आला, तेव्हा त्याच्यासोबत काम करणाऱ्यांत ते होते. त्या माणसानं आपलं नाव कधीच सांगितलं नाही. त्याच्या समाजात स्वतःचं नाव स्वतः उच्चारायची रीत नव्हती, आणि ते सांगायला त्याच्या माणसांपैकी कुणी उरलं नव्हतं. क्रोबर यांनी त्याला इशी म्हटलं. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता ‘माणूस’. तो १९१६ मध्ये वारला, ले ग्विन जन्मल्या १९२९ मध्ये. पुढं त्यांच्या आईनं इशीचं चरित्र लिहिलं, ते अर्थसीच्या सात वर्षं आधी आलं. अर्थसीतली नावं थेट तिथून आली असं मी म्हणणार नाही. पण ज्या घरात अशी गोष्ट सांगितली गेली, त्या घरातल्या मुलीनं नावांवर जग उभारलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता या कल्पनेतून कादंबरी काय काय घडवते ते पाहा. रोकच्या शाळेत मुलांना एका एकाकी मनोऱ्यात पाठवतात. तिथला गुरू नावांच्या याद्या देतो. मध्यरात्री शाई उडून जाते आणि कागद कोरा होतो, त्याच्या आत पाठ करायचं. ज्या मुलांना जादूची शाळा म्हणजे नुसती गंमत वाटते, त्यांना इथं कळतं की एका खाडीवर मंत्र चालवायचा तर तिच्या एकेका खडकाचं नाव ठाऊक हवं. ज्ञानाला लागणारे कष्ट इतक्या आदरानं मांडणारी फँटसी मी फार थोडी वाचली आहे. गेड चुकतो तो याच ठिकाणी. हुशार आहे, पण गर्विष्ठ. जास्पर नावाच्या थोरामोठ्यांच्या मुलानं टोमणे मारले म्हणून ईर्षेला पेटतो आणि मेलेल्या राणीचा आत्मा बोलावून दाखवतो. तिच्याबरोबर एक निराकार सावली जगात शिरते. ती जिथून शिरली ती फट बुजवताना शाळेचे प्रमुख, म्हातारे आर्चमेज, जीव गमावतात, गेडच्या चेहऱ्यावर आयुष्यभराचे व्रण राहतात. पुढची सगळी कादंबरी त्या सावलीची.

महाकाय फँटसीत साधारणपणे वाईटाचा एक राजा असतो, त्याची फौज असते, नायक शेवटी त्याला मारतो. इथं शत्रू नायकाच्याच हातून, त्याच्याच अहंकारातून बाहेर पडलेला आहे. बारा-तेराव्या वर्षी हे वाचणं फार वेगळं असतं. त्या वयात मुलांच्या हातून पहिल्या खऱ्या चुका होतात. मैत्रिणीचं गुपित फोडलं, खोटं बोलून दुसऱ्याला शिक्षा होऊ दिली, अशा चुका. त्या आईला सांगता येत नाहीत आणि रात्री झोपूही देत नाहीत. शाळेत वाचनाच्या तासाला मी हे प्रकरण माझ्या मराठीत सांगितलं होतं. तास संपल्यावर एक मुलगा दाराशी थांबला. त्यानं एवढंच विचारलं, “बाई, त्याला माफी मिळते का?” त्याच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही. पुस्तक त्याला दिलं.

गेडचा मित्र वेच हा माझ्या मते या कादंबरीतला सगळ्यात सुंदर माणूस आहे. त्या दुर्घटनेनंतर गेडकडे कुणी नीट पाहत नाही, त्याचा स्वतःवरचा विश्वास संपलेला असतो. वेच शाळा सोडून घरी निघतो, आणि जाण्याआधी त्याला आपलं खरं नाव सांगून जातो. तो कसलाही उपदेश करत नाही. ज्यानं नुकताच एवढा घात केला त्याच्या हाती आपला जीव सोपवतो. मैत्री म्हणजे काय हे सांगायला लेखिकेला तिथं अर्धं पान पुरलं आहे.

आणि पेंडॉरच्या बेटावरचा तो म्हातारा ड्रॅगन! गेडला त्याचं नाव ठाऊक आहे, म्हणून ड्रॅगन सौदा मांडतो : त्या सावलीचं नाव सांगतो, मला सोड. ज्या एका गोष्टीनं गेडचा जीव वाचला असता ती समोर आलेली असते. पण तो तिथं आलेला असतो किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या मुलाबाळांसाठी. तो त्यांच्यासाठी ड्रॅगनकडून वचन घेतो, स्वतःसाठी काही मागत नाही. मुलांना हे वाचून दाखवताना इथं थांबावं आणि त्यांना विचारावं की तू काय मागितलं असतंस. प्रामाणिक उत्तरं येतात.

तुम्ही ज्या मृत्यूचं लिहिलंत तो या ड्रॅगनच्या आधीचा. होडी बांधणाऱ्या मित्राचा लहानगा मुलगा तापानं जातो. त्याला वाचवता येणार नाही हे गेडला कळतं, तरी आईच्या चेहऱ्याकडे पाहून तो मुलाच्या मागोमाग मृत्यूच्या प्रदेशात जातो आणि मुलगा हाती लागत नाही. परत येताना दगडांच्या बुटक्या कुंपणापाशी ती सावली वाट पाहत असते. गेड अंथरुणावर निश्चेष्ट पडलेला असतो आणि त्याचा पाळीव ओटाक, खारीएवढा छोटा प्राणी, त्याचा हात, मग कपाळ चाटत राहतो. त्या स्पर्शानं तो शुद्धीवर येतो. मुलांच्या पुस्तकात असं असावं का, असं तुम्ही विचारलंत. माझं मत आहे की असावं. मुलांनी घरातले मृत्यू पाहिलेले असतात, आजोबांचा, कुत्र्याचा, कधी शेजारच्या बाळाचा. आपण त्यांना दुसऱ्या खोलीत पाठवतो आणि तिथं ती एकटी विचार करत बसतात. ही कादंबरी सांगते की जादूलाही हे थांबवता येत नाही, आणि तरी एक लहान ऊबदार जीभ माणसाला परत आणू शकते. यात खोटा दिलासा नाही आणि क्रूरपणाही नाही. फक्त हे प्रकरण मुलानं रात्री एकट्यानं वाचण्यापेक्षा घरातलं कुणी जवळ असताना वाचावं. तुम्ही ते वाचून रडलात हे लेकीला सांगा. तिलाही त्यावर बोलायचं असेल.

तुम्हाला पुस्तक संथ वाटलं, ते मला पटतं. संवाद थोडे, निवेदन फार. लेखिका जुन्या कहाणीसारखं लांबून सांगते : तो गेला, तो आला, तीन दिवस वारा होता. सहाव्या प्रकरणानंतर बेटामागून बेटं येतात, त्यांची नावं मनात राहत नाहीत, नकाशा उघडून बोट ठेवत बसावं लागतं. विनोद जवळपास नाही. जास्परचं वैर, ज्यातून सगळं घडलं, ते तर वाऱ्यावर सोडून दिलं आहे. तो जादूगाराची काठी न मिळवताच शाळा सोडून गेल्याची बातमी तेवढी कानावर येते. मुलांना हे खटकतं आणि खटकायलाच हवं. ज्यानं चिडवलं त्याच्यासमोर एकदा तरी उभं राहणं मुलांना हवं असतं. कारगाद देशाचे लोकही पहिल्या प्रकरणात लुटारू म्हणून येतात, पुढं त्यांना चेहरा मिळतो तो फक्त एका वाळूच्या बेटावर टाकून दिलेल्या म्हाताऱ्या भावाबहिणीपुरता.

तरी संथपणावर एक उपाय मी करून पाहिला आहे. हे पुस्तक मोठ्यानं वाचलं की संथ राहत नाही. डोळ्यांना जड वाटणारी वाक्यं कानाला लयीत लागतात, कारण ती कहाणी सांगणाऱ्याच्या श्वासानं लिहिलेली आहेत. महाकाय फँटसी म्हणजे पाच-सहाशे पानांचे खंड, अशी तुमच्या मुलाच्या पिढीची समजूत असेल. हे सगळं दोनेकशे पानांत आहे, म्हणजे रोज अर्धा तास मोठ्यानं वाचलं तर दोन-तीन आठवड्यांत संपावं.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक मुलांच्या लक्षात येत नाही. गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, वेच काळा. गोरे आहेत ते लुटारू. लेखिकेनं हे मुद्दाम केलं आणि मुद्दाम गाजावाजा न करता केलं, म्हणजे वाचकाचा गेडवर जीव जडावा आणि मग त्याचा रंग कळावा. इंग्रजी फँटसीचे नायक गोरेच असायचे तेव्हाची ही गोष्ट. प्रकाशकांनी मुखपृष्ठांवर वर्षानुवर्षं गोरा गेड छापला, २००४ च्या टीव्ही मालिकेतही त्याला गोरा केला, तेव्हा ले ग्विन यांनी जाहीरपणे नाराजी लिहिली. आपल्या मुलांना इंग्रजी पुस्तक हातात घेताच नायक गोराच दिसायची सवय झालेली असते. लेकीला विचारा, तिच्या मनात गेड कसा दिसत होता. रंगाबाबत एवढ्या जाग्या असलेल्या लेखिकेला बायकांबाबत तेच दिसलं नाही, ही मला या पुस्तकातली सगळ्यात विचार करण्यासारखी गोष्ट वाटते. एक अन्याय दिसला म्हणून दुसरा आपोआप दिसत नाही.

हा दोष कुठून येतो यावर मी बराच विचार केला आहे. ही कादंबरी एका मुलाच्या आत इतकी खोल उतरते की बाहेरचं सगळं त्याच्यापुरतं उरतं. मावशी त्याला शिकवण्यापुरती, ती फसवणारी सुंदर बाई, सेरेट, त्याला मोहात पाडण्यापुरती, जास्पर त्याला डिवचण्यापुरता. सावलीची कथा जमते ती या एकाग्रतेमुळे, आणि बायका पुसट होतात त्याही तिच्यामुळे. तुमच्या मुलाला ते दिसलं नाही, कारण तो गेडच्या जागी जाऊन बसला होता आणि तिथून सगळं नीटच दिसतं. लेकीला ती जागा मिळाली नाही. या कादंबरीत आपण कोण झालो असतो, असं तिनं शोधलं आणि तिच्या हाती मावशीची झोपडी आली. मग ती का पुढं वाचेल?

म्हणून तिला पूर्ण वाचायला लावू नका. माझा सल्ला वेगळा आहे. तिला याच मालिकेतलं दुसरं पुस्तक द्या, ‘द टूम्ब्ज ऑफ आटुआन’, १९७१ सालचं. ते पहिलं पूर्ण न वाचताही समजतं. त्याची नायिका टेनार त्याच कारगाद देशातली मुलगी. पाच वर्षांची असताना तिला घरातून उचलून नेतात, थडग्यांच्या देवतांची पुजारीण करतात, तिचं नावही काढून घेतात. ती वाढते जमिनीखालच्या अंधाऱ्या भुयारांत, जिथं दिवा नेता येत नाही, हातानं भिंत चाचपत चालायचं. गेड या पुस्तकात येतो तो बऱ्याच उशिरा, आणि चोर म्हणून. सगळी कथा टेनारच्या डोळ्यांनी दिसते. नाव हरवलेल्या मुलीची ही गोष्ट तुमच्या लेकीच्या प्रश्नाला फार जवळची आहे. हे वाचल्यावर गेड पूर्वी काय होता, हे तिला आपणहून जाणून घ्यावंसं वाटलं तर उरलेली तीन प्रकरणं वाट पाहत आहेतच.

पुढं १९९० मध्ये ले ग्विन यांनी ‘टेहानू’ लिहिली. त्यात टेनार मध्यमवयीन शेतकरीण आहे, विधवा. ज्या बायकांच्या जादूला पहिल्या पुस्तकानं दुबळी म्हटलं, तिच्याकडे लेखिका तिथं पुन्हा वळली आणि पुरुषांच्या विद्येचे दावे तपासून पाहिले. २००१ च्या कथासंग्रहात तर रोकची शाळा उभारण्यात बायकांचा हात होता, हे त्यांनी दाखवून दिलं. आधीचं लिहिलेलं एक अक्षर न खोडता, कोण सांगत होतं आणि काय लपवत होतं, ते उघड केलं. लेखिकेनं आपल्याच जगाशी असा प्रामाणिक झगडा करणं मला फार धैर्याचं वाटतं. पण ‘टेहानू’ लेकीला आत्ता देऊ नका. त्यात एका लहान मुलीवर झालेल्या अत्याचाराचा घाव आहे. ते पंधरा-सोळाव्या वर्षी. तुम्ही स्वतः मात्र आत्ता वाचा, डिक्शनरी घेऊन का होईना. तुमच्या वयाची बाई नायिका असलेलं ते पुस्तक आहे.

आता मामा. त्याचं दुःखही खरं आहे. आपण ज्या पुस्तकाच्या आधारानं मोठे झालो ते भाचीनं बाजूला सारलं की माणसाला आपणच बाजूला सारले गेलो असं वाटतं. त्याला सांगा, ‘शेवट वाच, मग बोल’ हे वाक्य मागं घ्यावं. शेवट फार सुंदर आहे. तो मी इथं सांगत नाही, कारण लेक हे वाचेल. एवढंच लिहिते की त्यात युद्ध नाही, खुल्या समुद्रात एका होडीत दोन मित्र आहेत, आणि आजही तिथं पोचले की माझे हात पानावर थांबतात. पण शेवट सुंदर आहे म्हणून मधली तक्रार खोटी ठरत नाही. त्यानं भाचीला फोन करून आधी तिचं ऐकावं. मग आपण त्या वयात हे पुस्तक का छातीशी धरलं होतं, कोणती सावली त्याच्या मागं होती, ते त्याला सांगता येईल तेवढं सांगावं. पुस्तक थोर आहे हे सांगण्यापेक्षा ते भाचीला अधिक कळेल. आणि अकरावीतल्या दादालाही त्या बोलण्यात घ्या. त्याला विचारा, मावशीचं नाव काय होतं. तो पानं उलटून शोधत बसेल.

तुमच्यासाठी एक काम. लेकीनं जिथं पुस्तक मिटलं तिथून दोन प्रकरणं पुढं, नवव्या प्रकरणात, वेचची बहीण येते. यॅरो तिचं नाव, चौदा वर्षांची. घरात पाव भाजला जातो आहे, आणि दोन थोर जादूगारांना ती विचारते की होडीत शिदोरी कशाला न्यायची, मंत्र म्हणून मांसाचा पाव का नाही बनवत? त्यांना उत्तर द्यावं लागतं की मंत्राचा पाव हा शब्दच राहतो, वास येतो, पोट भरल्यासारखं वाटतं, पण भुकेल्या माणसाला ताकद मिळत नाही. सगळ्या कादंबरीतला विद्येचा सगळ्यात नेमका खुलासा एका मुलीच्या साध्या प्रश्नातून येतो. नंतर ते दोघं होडी घेऊन निघतात आणि तिला काठावर ठेवून जातात, हेही आहेच. एखाद्या संध्याकाळी भाकरी थापताना लेकीला ओट्यापाशी बसवा आणि तेवढी चार-पाच पानं तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. तुम्हाला अडेल तो शब्द तिला विचारा. पुढचं पान उलटायचं की नाही, ते तिचं तिला ठरवू द्या.

तुमची,
ताई